बाजारात तुरी : २०२६च्या एनएफएल ड्राफ्टच्या याद्या आत्तापासूनच

कोलंबसकर | ६ मे २०२५

ग्रीन बेला यंदाचा ड्राफ्ट आटोपून दहा दिवस झाले तोवर पुढच्या वर्षीच्या याद्या बाजारात हजर. ज्याला त्याला घाई. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच, आणि मी पण त्यातलाच, काल रात्री एक वाजेपर्यंत सहा याद्या वाचून काढल्या आणि सकाळी मीटिंगला डुलक्या देत बसलो.

इथे क्रिकेटवाली जनता जास्त आहे म्हणून थोडक्यात सांगतो. कॉलेजात फुटबॉल (लाथेचा नाही, हातातला) खेळणारी पोरं एनएफएलमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) येतात ती या ड्राफ्टमधून. ३२ टीम, ७ फेऱ्या, आदल्या सीझनला जी सगळ्यात वाईट हरली तिचा नंबर पहिला. यंदा २५७ जण उचलले गेले. पोराला बारावीनंतर तीन वर्षं काढावी लागतात, त्याआधी एन्ट्री नाही. पोराला टीम निवडता येत नाही, टीम पोराला निवडते.

आता याद्यांमध्ये दोन जाती असतात आणि लोक कायम गल्लत करतात. बिग बोर्ड म्हणजे नुसती गुणवत्ता यादी, कोण किती चांगला एवढंच. मॉक ड्राफ्ट म्हणजे कोणाचं लग्न कोणाशी लागेल त्याचा अंदाज. मे महिन्यातला मॉक तर निव्वळ करमणूक, कारण कुठली टीम सगळ्यात वाईट खेळणार हेच अजून माहीत नाही, म्हणजे नवरी ठरायची आणि नवरदेवही ठरायचा आणि हे हॉलचं भाडं भरून मोकळे.

सहाही याद्यांत फिरून फिरून तीच नावं आहेत. क्वार्टरबॅकमध्ये (बॉल टाकणारा, टीमचा म्होरक्या) टेक्ससचा आर्च मॅनिंग, पेन स्टेटचा ड्रू ॲलर, एलएसयूचा (लुइझियाना स्टेट) गॅरेट नसमायर, क्लेमसनचा केड क्लबनिक, साउथ कॅरोलायनाचा लॅनोरिस सेलर्स. बाकी आमच्या ओहायो स्टेटचा सेफ्टी (बचावात सगळ्यात मागे उभा असणारा) केलेब डाउन्स, क्लेमसनचे पीटर वूड्स आणि टी. जे. पार्कर, युटाचा टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणारा) स्पेन्सर फॅनो, नोत्र दामचा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) जेरेमाया लव्ह.

माझं म्हणणं असं की क्वार्टरबॅक सोडून बाकीची यादी वाचावी, ती बऱ्यापैकी टिकते. क्वार्टरबॅकची यादी मात्र मागच्या सीझनची आठवण आणि आडनाव याच्यावर बनते. मॅनिंगचंच घ्या. आजोबा आर्ची १९७१ला दुसऱ्या नंबरवर, काका पेटन १९९८ला पहिला, दुसरा काका इलाय २००४ला पहिला. घराणं मोठं, वादच नाही. पण या पोराने कॉलेजात सुरुवातीपासून खेळलेले सामने किती? दोन. दोन सामन्यांवर पहिला नंबर देताय?

२०२१च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमाचा स्पेन्सर रॅटलर असाच बिनविरोध पहिला होता. ऑक्टोबरात टेक्ससविरुद्ध मधेच बाकावर बसवला, जागेवर आला केलेब विल्यम्स. रॅटलर दुसऱ्या कॉलेजात गेला आणि शेवटी २०२४ला पाचव्या फेरीत १५०वा. त्याच उन्हाळ्यात सॅम हाउएल पण टॉपला होता, तो २०२२ला १४४वा गेला. उलट बाजूने एलएसयूचा जो बरो. २०१९च्या उन्हाळ्यात त्याचं नाव पहिल्या फेरीत तर सोडाच, झालाच तर तिसऱ्या दिवशी (शेवटच्या फेऱ्यांत) कोणीतरी घेईल असं म्हणायचे. त्या सीझनला ६० टचडाउन (आपल्या गोलसारखं) पास, हाइझमन (कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार), एलएसयू १५-०, आणि थेट पहिला नंबर.

तर बोला.

सातारा_ते_ऑस्टिन | ६ मे २०२५

काका आलात का पहाटे पहाटे आमच्या आर्चच्या मागे 😀 दोन सामने खेळला कारण पुढे क्विन युअर्स (आमचा तेव्हाचा क्वार्टरबॅक) होता, त्यात पोराचा काय दोष? दुसरं कोणी असतं तर केव्हाच ट्रान्सफर मारून पळाला असता, हा दोन वर्षं बाकावर गपचूप बसला. पेशन्स बघा की. ३० ऑगस्टला मॅचला तुमच्याच घरी, कोलंबसला, येतोय, तेव्हा बघू.

कोलंबसकर | ६ मे २०२५

या या. पोहे करून ठेवतो. पैज? आर्च २०२६ला पहिल्या फेरीत गेला तर पुरणपोळ्या माझ्याकडून, नाही गेला तर तू करायच्या, विकतच्या चालणार नाहीत.

सातारा_ते_ऑस्टिन | ६ मे २०२५

मान्य. कटाची आमटी पण धरा त्यात.

कॉलनीतला_बॉलर | ७ मे २०२५

मला यातलं ओ का ठो कळत नाही पण एक विचारतो. आयपीएलसारखा लिलाव का नाही करत? सूर्यवंशीला राजस्थानने १.१० कोटीला घेतला तेव्हा तेरा वर्षांचा होता, आणि आत्ता गेल्या आठवड्यात ३५ बॉलात शंभर मारले. चांगला असेल त्याला पैसे द्या, विषय संपला. हे वाईट टीमला पहिला नंबर वगैरे म्हणजे नापासाला बक्षीस झालं की.

आकडेमोड | ७ मे २०२५

बॉलर, नापासाला बक्षीस हाच तर मुद्दा आहे. सगळ्या टीम फिरून फिरून वर याव्यात म्हणून. आणि पैशाचं म्हणशील तर इथे नंबरलाच किंमत चिकटलेली असते. आधी तसं नव्हतं, २०१०ला पहिला आलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७८ मिलियन डॉलर मिळाले, त्यातले ५० पक्के, एक बॉल न टाकता. मग जुन्या खेळाडूंनीच बोंब मारली आणि २०११च्या करारात नंबरानुसार पगाराची पट्टी ठरली. त्या वर्षी पहिला कॅम न्यूटन, चार वर्षांचे २२ मिलियन. म्हणजे एका वर्षात भाव धाडकन खाली.

म्हणून हा नंबर महत्त्वाचा. पहिल्यावरून पाचव्या फेरीत घसरलास की आयुष्याचं गणित बदलतं. क्वार्टरबॅक शिडूर सँडर्सला विचारा. याद्यांमध्ये कित्येक महिने पहिल्या पाचात, आणि गेल्या महिन्यात गेला १४४वा. सॅम हाउएलचा नंबर पण १४४. हा नंबर बंदच करा आता.

काका, एक सुधारणा. क्वार्टरबॅकची प्रत्येक यादी चुकते असं नाही. ट्रेव्हर लॉरेन्स पहिल्या वर्षापासून "हा पहिला जाणार" म्हणून गाजत होता आणि गेला. केलेब विल्यम्सही तसाच. कोणाबद्दल सगळेच दोन दोन वर्षं तेच म्हणत असतील तर ते बहुधा खरं ठरतं. जो एका वर्षात वर आलाय तो एका वर्षात खाली जातो.

पिट्सबर्गची_माई | ८ मे २०२५

मी या देशात आले १९८१ला, लग्न करून, सासर पिट्सबर्ग. यांना फुटबॉलचं वेड आणि मला इंग्रजी शिकायचं होतं म्हणून टीव्हीसमोर बसायचे. तेव्हा पिट युनिव्हर्सिटीत डॅन मरिनो खेळायचा, इथलाच, गावातल्या ओकलंड भागातला पोरगा. त्या सीझनला ३७ टचडाउन टाकले त्याने. सगळं गाव म्हणायचं आता हाच पहिला जाणार. पुढच्या वर्षी नुसते १७, आणि इंटरसेप्शन (समोरच्या टीमने पकडलेले पास) त्याहून जास्त. लोक नाही नाही ते बोलायला लागले. १९८३च्या ड्राफ्टला पहिल्या फेरीत सहा क्वार्टरबॅक गेले आणि हा सहावा, २७व्या नंबरवर, मायामीला. आमच्या स्टीलर्सचा (पिट्सबर्गची एनएफएल टीम) नंबर होता २१वा. घरचा पोरगा समोर बसलाय आणि यांनी दुसऱ्यालाच घेतला. आमचे हे त्या रात्री जेवले नाहीत. मी खिचडी टाकली होती, ती सकाळी मीच खाल्ली.

पुढे तो किती मोठा झाला हे सांगायला नको, आणि आम्ही कितीतरी वर्षं क्वार्टरबॅक शोधत बसलो. २०२२ला तसाच पिटचा क्वार्टरबॅक केनी पिकेट घेतला २०वा, ज्याला घ्यायचं होतं त्याला सोडलं आणि नको तेव्हा घरचा घेतला. आत्ता पण ॲरन रॉजर्स (जुनाजाणता क्वार्टरबॅक) येतो का नाही याची वाट बघणं चालू आहे, जावयाची बघावी तशी.

पुढच्या वर्षीचा ड्राफ्ट आमच्या गावात आहे बरं का. एप्रिल २३ ते २५. कोणाला यायचं असेल तर सांगा.

स्टेट_कॉलेजची_सून | ८ मे २०२५

माई 🙏 खिचडीवर रडू आलं.

ॲलरबद्दल मी बोलते कारण माझं घर पेन स्टेटच्या स्टेडियमपासून चालत वीस मिनिटांवर आहे आणि मॅचच्या दिवशी आमच्या अंगणात लोक गाड्या लावतात (पैसे घेतो आम्ही, हो). पोरगा उंच, हात तोफेसारखा, वागायला गुणी. यादी करणाऱ्याला अजून काय हवं. पण जानेवारीतली ऑरेंज बोल (कॉलेज चॅम्पियनशिपची सेमीफायनल) कोणी विसरू नका. नोत्र दामविरुद्ध अख्ख्या मॅचमध्ये आमच्या वाइड रिसीव्हर्सनी (पास पकडणं हेच ज्यांचं काम) एकही कॅच घेतला नाही. एकही! स्कोअर २४-२४, शेवटचं मिनिट पण उरलं नव्हतं, बॉल आमच्याकडे, काही न करता ओव्हरटाइममध्ये जाता आलं असतं. याच्या अंगावर माणूस आला आणि याने तोल जात असताना मैदानाच्या मधोमध टाकला, सरळ त्यांच्या हातात. फील्ड गोल (लाथेने मिळवलेले तीन गुण), २७-२४, चला घरी. मी तो थ्रो दहा वेळा बघितला असेल. हात तोफेसारखा आहे म्हणून तर टाकला ना. ज्याचा हात कमी असतो तो गुपचूप बॉल बाहेर फेकून देतो.

तरी यंदा तो राहिला म्हणून आम्ही खूश आहोत. नसमायर राहिला, क्लबनिक राहिला. आधी असं नव्हतं व्हायचं, पण २०२१पासून पोरांना स्वतःच्या नावावर पैसे कमवता यायला लागले तेव्हापासून तिसऱ्या फेरीत जाण्यापेक्षा कॉलेजात राहिलेलं परवडतं.

आकडेमोड | ९ मे २०२५

राहणं परवडतं पण धोका पण तेवढाच. क्वार्टरबॅक मॅट बार्कली यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया), २०१२चा ड्राफ्ट सोडून परत आला, तेव्हा पहिल्या फेरीत नक्की होता. २०१३ला गेला चौथ्या फेरीत, ९८वा. हातातलं सोडून पळत्याच्या मागे.

आणि टीम लोक या वेबसाइटच्या याद्या बघत नाहीत हे पण लक्षात घ्या. बऱ्याच टीम मिळून एक सामायिक स्काउटिंग सेवा चालवतात, ब्लेस्टो आणि नॅशनल अशा दोन आहेत, त्यांची माणसं वसंतातच पुढच्या वर्षीच्या सीनियर्सना मार्क देऊन ठेवतात. उंची, वजन, हाताची लांबी सगळं मोजून. ती यादी बाहेर येत नाही सहसा. आपण वाचतो ती करमणूक.

ब्लूमिंग्टन_वांगीभात | १२ मे २०२५

एक नाव टाकून ठेवतो, क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा. कॅलहून (कॅलिफोर्निया, बर्कली) आमच्या इंडियानाला आलाय. उंच, बॉल पटकन सोडतो, आणि कॅलला त्याला वाचवणारी पुढची लाइन म्हणजे पत्र्याचं शेड होतं तरी उभा राहायचा. शाळेत असताना येलला जाणार होता, म्हणजे डोकं पण असणार. स्प्रिंग गेम (वसंतातली सरावाची मॅच) बघायला गेलो होतो, माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला हा रविवारी खेळणार बघ. रविवारी म्हणजे एनएफएल.

सातारा_ते_ऑस्टिन | १२ मे २०२५

इंडियाना 😂 अरे ते बास्केटबॉलवाले ना? एक वर्ष बरं गेलं (११-२) आणि लगेच हवेत का?

ब्लूमिंग्टन_वांगीभात | १२ मे २०२५

हस हस. पहिला क्लबनिक जाणार, दुसरा मेंडोझा. लिहून ठेव.

कोलंबसकर | ३१ ऑगस्ट २०२५

धागा वर काढतो. काल मॅचला गेलो होतो, मी आणि पोरगी. दुपारी बाराची मॅच, पार्किंगमध्येच चिवडा आणि पराठे संपवले. १४-७, आम्ही जिंकलो. आर्च ३०पैकी १७, १७० यार्ड, एक टचडाउन, एक इंटरसेप्शन. तिसऱ्या क्वार्टरला एक यार्डावरून चौथ्या डाउनला (शेवटच्या प्रयत्नात) स्वतः घुसायला गेला आणि आमच्या लोकांनी तिथेच गाडला. तेव्हा जो आवाज झाला त्याने पोरीने कानावर हात ठेवले.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. मी दुर्बीण नेली होती आणि दुसऱ्या हाफला ठरवून बॉलकडे बघितलंच नाही, फक्त केलेब डाउन्सकडे बघत बसलो. टीव्हीवर सेफ्टी दिसतच नाही, तो कॅमेऱ्याच्या बाहेर असतो. तर हा माणूस बॉल सुटायच्या आधी दोन पावलं खोटी टाकतो, पुढे जातोय असं दाखवतो आणि मग मागे. आर्चने एकदा वर बघितलं, याला पुढे येताना बघितलं, परत खाली बघितलं, तोपर्यंत हा कुठल्या कुठे. ते एक सेकंद आर्च नुसता बॉल हातात घेऊन उभा होता. आकड्यांत यातलं काही येणार नाही, डाउन्सच्या नावावर त्या प्लेला शून्य. पण मला वाटतं मॅच त्यानेच फिरवली. शेजारचा विचारत होता, तू नक्की काय बघतोयस?

सातारा_ते_ऑस्टिन | ३१ ऑगस्ट २०२५

पहिलीच मॅच आहे हो. गेल्या वर्षीच्या चॅम्पियनच्या घरी जाऊन. आणि आजोबांनी आधीच सांगितलंय की तो २०२६ला जाणारच नाही.

आकडेमोड | ३१ ऑगस्ट २०२५

आणि नातू म्हणाला आजोबांना हे कुठून कळलं मला माहीत नाही. घरातच एकमत नाही.

कोलंबसकर | ३१ ऑगस्ट २०२५

न जाणं म्हणजे पहिल्या फेरीत न जाणंच. पैजेत धरलं जाईल. डाळ भिजत घाल.

स्टेट_कॉलेजची_सून | १३ ऑक्टोबर २०२५

लिहावंसं वाटत नाहीये पण लिहिते. सीझनच्या सुरुवातीला देशात दुसरा नंबर होता आमचा. ओरेगनशी हरलो, ते एक वेळ ठीक. मग यूसीएलए, एकही मॅच न जिंकलेली टीम, त्यांच्याशी हरलो. मग शनिवारी घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्नशी, आणि त्यात ॲलरचा घोटा मोडला, सीझन संपला त्याचा. रविवारी कोचला काढला. अंगणात गाडी लावायला आलेला एक आजोबा मॅच संपल्यावर परत आला, किल्ली हातात घेऊन पाच मिनिटं नुसता गाडीला टेकून उभा होता. मी चहा विचारला, नको म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, असेल तर दे.

मे महिन्यात इथे त्या पोराच्या एका थ्रोवर मी एवढं बोलले, आता जीवाला लागतंय.

पिट्सबर्गची_माई | १३ ऑक्टोबर २०२५

नको गं वाईट वाटून घेऊस. तू थ्रोबद्दल बोललीस, पोराबद्दल नाही. घोटा जुळेल. वय लहान आहे.

आकडेमोड | १४ ऑक्टोबर २०२५

मे महिन्यातले पाच क्वार्टरबॅक मांडतो. ॲलर जखमी. क्लबनिकच्या क्लेमसनने सुरुवात केली १-३ने. आर्चचं टेक्सस पहिल्या नंबरवरून निघालं आणि फ्लोरिडाशी पण हरलं. सेलर्सच्या टीमचं काही खरं नाही. नसमायर दुखणं घेऊन खेळतोय, ते बॉल टाकताना दिसतं. पाचात पाच.

आणि परवा इंडियानाने युजीनला जाऊन ओरेगनला ३०-२०ने हरवलं. वांगीभात, आहेस का?

ब्लूमिंग्टन_वांगीभात | १४ ऑक्टोबर २०२५

आहे. आवाज बसलाय म्हणून टाइप करतोय.

सातारा_ते_ऑस्टिन | १४ ऑक्टोबर २०२५

बरं बाबा, बास्केटबॉलचं मागे घेतो. पण क्लबनिक पहिला म्हणालेलास हे मी विसरलो नाहीये.

कॉलनीतला_बॉलर | १५ ऑक्टोबर २०२५

मी आता हायलाइट बघायला लागलोय, बायको म्हणते कसलं हे, दोन सेकंद पळतात आणि पाच मिनिटं उभे राहतात. तरी एक शंका. पाचच्या पाच पडले मग पुढच्या मे महिन्यात परत याद्या कोण वाचणार?

कोलंबसकर | १५ ऑक्टोबर २०२५

मी.

कोलंबसकर | १४ डिसेंबर २०२५

तर काल रात्री मेंडोझाला हाइझमन मिळाली. इंडियानाची पहिलीच. आणि त्याच्या आदल्या शनिवारी बिग टेनच्या (आमची आणि त्यांची कॉलेज लीग) फायनलला त्यांनी आम्हाला १३-१०ने हरवलं ते मी मुद्दाम शेवटी लिहितोय. वांगीभात, अभिनंदन, मनापासून, दात ओठ खात.

नोत्र दामचा लव्ह तिसरा आला मतांत, रनिंग बॅक असून. मे महिन्यातल्या यादीतलं ते नाव टिकलं. आमचा डाउन्स पण टिकला. म्हणून म्हणत होतो, बॉल ज्याच्या हातात नसतो त्याची यादी वाचावी. लव्हच्या हातात असतो म्हणा, पण तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते.

ब्लूमिंग्टन_वांगीभात | १४ डिसेंबर २०२५

धन्यवाद काका. खरं सांगू का, मला पण तेव्हा काही माहीत नव्हतं. तो शेजारचा म्हातारा दर वर्षी कोणाबद्दल तरी असंच म्हणत असणार.

सातारा_ते_ऑस्टिन | १४ डिसेंबर २०२५

आर्च राहतोय, त्याच्या वडिलांनीच सांगितलं. सीझनच्या शेवटी शेवटी बरा खेळला हे कोणी लिहिणार नाही इथे म्हणून मीच लिहितो. २०२७च्या यादीत पहिला असेल, पैज?

असो. पुरण शिजवलं, पहिल्यांदा पातळ झालं, परत आटवलं. पोळ्या फाटतायत. फोटो टाकत नाही.

पिट्सबर्गची_माई | १५ डिसेंबर २०२५

पुरण गार होऊ दे पूर्ण, मग भर. कणीक सैल हवी आणि तेलात मुरू दे तासभर. कुरियरने पाठवू नकोस, खराब होतील. एप्रिलमध्ये इथेच घेऊन ये सगळ्यांना. माझ्याकडे वर दोन खोल्या रिकाम्या आहेत आणि हॉलमध्ये गाद्या घालता येतील. सकाळी पेन हिल्सला बालाजीचं दर्शन घ्यायचं, दुपारी गावात जाऊन ड्राफ्ट. गाडी घरीच ठेवायची, गावात लावायला जागा मिळणार नाही.

स्टेट_कॉलेजची_सून | १५ डिसेंबर २०२५

माई मी येते, आम्हाला तीन तासच लागतात. माझ्यासोबत एक जास्तीचा माणूस असेल, ते गाडीवाले आजोबा विचारत होते.

पिट्सबर्गची_माई | १५ डिसेंबर २०२५

आण की. चहात साखर किती घेतात तेवढं विचारून ठेव.